पाळीच्या आधी आठ दिवस नवऱ्याचा हातही नकोसा होतो. कुणाला असं होतं का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. हे लिहू की नको करत तीन दिवस गेले. घरात बोलता येत नाही, मैत्रिणींत बोललं की विषय हसण्यावारी जातो, म्हणून इथे लिहिते.

माझं वय 36. मिरजेत एका पतसंस्थेत काउंटरवर आहे. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, शिफ्ट ड्यूटी. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. संसारात वाईट म्हणावं असं काही नाही. दारू नाही, मारहाण नाही. त्यामुळे कुणाला सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, "मग तुला दुखतंय कुठं?"

मला दुखतंय ते असं. महिन्यातले वीस-बावीस दिवस माझा नवऱ्यावर जीव असतो. सेकंड शिफ्ट करून ते रात्री साडेअकराला येतात, तोवर मी जागी असते. आमटी गरम करून देते, ते जेवेपर्यंत समोर बसते. त्यांच्या हातांना कटिंग ऑइलचा वास असतो, कितीही साबण लावला तरी जात नाही. तो वास आला की घर भरल्यासारखं वाटतं मला. मग एक दिवस उगवतो आणि काही कारण नसताना तोच वास डोक्यात जातो. त्यांचं चावणं ऐकू येतं. खांद्यावर हात ठेवला तर अंग आकसतं. छाती इतकी दुखरी असते की मुलगी येऊन बिलगली तरी "अगं, हळू!" म्हणून ओरडते. रात्री त्यांच्याकडे पाठ करून झोपते आणि अंधारात मला खरोखर वाटतं की या माणसाशी माझं काही नातंच उरलेलं नाही. पाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना लक्षात येतं, की ते सगळं गेलंय. कुठं गेलं, कसं गेलं, काही कळत नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी येताना मोगऱ्याचा गजरा आणला. बरेच दिवसांनी. मी म्हटलं, "पैसे वर आलेत का? आणि आता रात्री बारा वाजता मी हे घालून कुठं जाऊ?" ते एक अक्षर बोलले नाहीत. गजरा फ्रिजच्या हँडलला अडकवला आणि हात धुवायला गेले. तीन दिवसांनी पाळी आली. गजरा तिथंच होता, तपकिरी पडलेला, पण वास अजून येत होता. मी तो काढून हातात धरला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

हे पाळीशी जोडलेलं आहे हे मला गेल्या वर्षी गणपतीत कळलं. तारीख नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी येत होती, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणल्या आणि नऊ दिवस घेतल्या. त्या नऊ दिवसांत माझी जी अवस्था झाली ती शत्रूवर येऊ नये. पुरण वाटता वाटता डोळ्यांतून पाणी. मिस्टरांना पाहुण्यांदेखत नको ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "सणासुदीला तरी." गोळ्या बंद केल्या, चौथ्या दिवशी पाळी आली आणि मी पुन्हा माणसात आले. तेव्हापासून कालनिर्णयवर तारखांभोवती गोल करते. मागे पानं उलटून बघितलं तर आमची सगळी मोठी भांडणं त्या गोलांच्या आधीच्या आठवड्यात सापडतात.

माझे दोन प्रश्न आहेत. एक, हे इतरांना होतं का, आणि याला औषध आहे का? दुसरा जास्त अवघड आहे. मिस्टरांना हे सांगायचं कसं? मला भीती वाटते की एकदा का सांगितलं, तर माझं प्रत्येक बोलणं "हिची तारीख जवळ आली असेल" म्हणून बाजूला टाकलं जाईल. त्या दिवसांत मी जे बोलते त्यातलं सगळंच काही खोटं नसतं हो.

वहीतली_बाई

ताई, तुमचा गजरा वाचून मी मोबाईल खाली ठेवला. माझं असंच आहे, फक्त माझ्याकडे गजऱ्याऐवजी वाढदिवसाचा केक होता.

तुमच्या शेवटच्या वाक्यावर बोलते, कारण मला तिथंच सगळ्यात जास्त लागलं. मी पुण्यात असते, नोकरी, दोन मुलं, नवरा चांगला. पाळीच्या आधीच्या आठवड्यात माझा जो स्फोट होतो त्यातले विषय मी एकदा वहीत लिहून काढले. चार महिने लिहिले. विषय बदलतच नव्हते! सासरच्या गावी दर सुट्टीत जाणं, माझ्या पगाराचा हिशोब, मुलांच्या आजारपणात रजा कायम मीच घेणं. बाकीचे तीन आठवडे मी हेच सगळं गिळत होते, "जाऊ दे, कशाला" म्हणत. त्या आठवड्यात गिळायची ताकद संपायची. म्हणजे पाळीनं राग जन्माला घातला नव्हता, तो आत होताच, झाकण तेवढं उडत होतं.

तेव्हा तुमचा राग खरा आहे की पाळीचा, हे दुसऱ्या कुणाला ठरवू देऊ नका. तुम्ही स्वतःच पाळी संपल्यावर, आठव्या-दहाव्या दिवशी, तो विषय पुन्हा हातात घेऊन बघा. तेव्हाही टोचत असेल तर तो तुमचा खरा विषय. गजऱ्याचं बोलणं तेव्हा टोचणार नाही. पण "पैसे वर आलेत का" यातली पैशाची काळजी कदाचित टोचेल. बघा बरं.

नागपूरचा_नवरा

मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही हा विचार केला, पण ताईंच्या मिस्टरांच्या जागी मी राहिलो आहे म्हणून लिहितो.

मी ती चूक केलेली आहे जिची ताईंना भीती वाटते. बायकोच्या पाळीच्या तारखा मी माझ्या मोबाईलमधल्या ॲपमध्ये टाकल्या. मनात हेतू चांगला होता, सांभाळून घ्यावं असा. पण दोन महिन्यांत मी भांडण सुरू झालं की म्हणायला लागलो, "तारीख जवळ आली वाटते." तिनं एक दिवस शांतपणे सांगितलं, "यापुढे तुम्हाला तारीख कळणार नाही." आणि खरंच कळली नाही, वर्षभर. आमच्या खोलीत वर्षभर एक भिंत होती. त्या वर्षात तिला बरं वाटत नसलं तरी ती मला सांगत नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मग एका रविवारी, ती मोकळी होती, मुलगा खेळायला गेला होता, तेव्हा मी तिला म्हटलं, माझं चुकलं. आणि विचारलं, त्या दिवसांत मी काय केलेलं तुला चालेल? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "स्वयंपाकाला काय करू हे मला विचारू नका, जे सुचेल ते सांगा किंवा करा. पोराचा अभ्यास तुम्ही घ्या. आणि मी दूर झोपले तर तोंड पाडून बसू नका." बस, इतकंच. मला वाटलं होतं ती काहीतरी मोठं मागेल.

आणखी एक. तेव्हाचं आमचं भांडण माझ्या भावाला तिला न विचारता दिलेल्या चाळीस हजारांवरून होतं. मी ते पाळीच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. वहीतल्या बाईंनी सांगितलं तसं आम्ही तो विषय आठवडाभरानं काढला. ती तेव्हाही तितकीच नाराज होती, फक्त रडत नव्हती. भावाकडून पैसे परत मागायला मला तेव्हा जावं लागलं.

ताई, सांगायचं असेल तर चांगल्या दिवसांत सांगा. भांडणाच्या मध्यात पाळीचं नाव आलं की कुणाच्याही तोंडून आलं तरी ते हत्यार होतं.

डॉक्टरताई_लातूर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करणार नाही, ते समोर बसूनच होतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून शरीरात काय चालतं ते सांगते.

रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला धरा. पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन चढत जातं, बीज सुटायच्या सुमाराला ते वर असतं. बऱ्याच बायकांना त्या दिवसांत उत्साह, जवळीक, इच्छा जास्त वाटते, पण सगळ्यांना तसंच होतं असं नाही, काहींना उलटही होतं. पुढची पाळी येण्याआधी साधारण चौदा दिवस बीज सुटतं. मग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन चढतं, आणि गर्भ राहिला नाही तर शेवटच्या दिवसांत दोन्ही खाली येतात. छाती भरून येणं, पोट फुगणं, झोप उडणं हे त्याच उत्तरार्धातलं. मिठी नकोशी वाटते त्यात काही भाग हा सरळ अंगदुखीचा असतो. हे मिस्टरांना नक्की सांगा, कारण पुरुष ते प्रेमाच्या हिशोबात मोजतात.

"माझे हार्मोन बिघडलेत, रक्त तपासा" म्हणत रोज कुणी ना कुणी येतं. बहुतेक वेळा पातळ्या नॉर्मल असतात. 1998 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग आहे. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांचं बीजकोषांचं (ओव्हरींचं) काम औषधानं थांबवलं, तर बऱ्याच जणींचा त्रास कमी झाला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर त्रास परत आला. ज्या बायकांना मुळात त्रास नव्हता त्यांना तेच दिलं, तर काही झालं नाही. म्हणजे हार्मोन तेच, मेंदूची संवेदनशीलता वेगळी. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक पदार्थ तयार होतो, तो मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. काहींच्या मेंदूला त्याचा चढउतार सोसत नाही. यात स्वभावाचा दोष नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही.

पाळीआधी थोडी चिडचिड, थोडं दुखणं हे बहुतेकींना होतं. त्रास त्याहून वाढला की आम्ही पीएमएस (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम) म्हणतो, हे नाव 1953 पासून वापरात आहे. आणि कामावर, नात्यांवर गदा येईल इतका तीव्र असेल तर पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर). अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला 2013 साली स्वतंत्र जागा मिळाली. शंभरात तीन ते आठ बायकांना असतो असं पुस्तकांत असतं, रोजच्या नोंदी काटेकोरपणे घेतल्या तर आकडा कमी भरतो. म्हणून नोंदी महत्त्वाच्या. आठवणीवर विसंबू नका, ती दगा देते. निदान दोन पाळ्यांपर्यंत रोज रात्री लिहा: झोप, राग, रडू, जवळीक, अंगदुखी, शून्य ते पाच आकड्यांत. पाळी संपल्यानंतरचा आठवडा स्वच्छ निघाला तर गोष्ट पाळीची. महिनाभर मन खाली आणि पाळीआधी आणखी खाली असं निघालं, तर तो वेगळा विषय. त्यात नैराश्य, थायरॉइड, रक्त कमी असणं हे सगळं बघावं लागतं. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. थकलेल्या अंगाला माया कुठून सुचणार?

उपाय आहेत. रोजचं चालणं, नियमित झोप. कॅल्शियमचा उपयोग 1998 च्याच दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत दिसला, पण डोस विचारून घ्या, किडनी स्टोन असेल तर विशेष. तीव्र त्रासाला नैराश्यावरच्या गटातली काही औषधं चालतात, तीही काहींना फक्त उत्तरार्धातले चौदा दिवस. नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, इथे बऱ्याचदा काही दिवसांतच येतो. मात्र त्याच औषधांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते, हे आधी सांगायला हवं आणि अनेकदा सांगितलं जात नाही.

तुमच्या गणपतीच्या गोळ्यांबद्दल. त्या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाच्या असतात आणि मन उदास होणं, चिडचिड होणं हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पायात रक्ताची गाठ होण्याचा इतिहास असेल, लिव्हरचा त्रास असेल तर त्या धोकादायकही ठरतात. मेडिकलमधून थेट आणू नका. भाद्रपद जवळ आला की माझ्या ओपीडीत याच गोळ्यांसाठी रांग असते आणि दरवर्षी मला तेच वाईट वाटतं.

आणि कृपा करून कुणी "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल" म्हणालं तर ऐकू नका. बीडच्या कितीतरी ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं 2019 साली आपण सगळ्यांनी वाचलं. गर्भाशय काढलं आणि बीजकोष राहिले, तर हार्मोनचा चढउतार चालूच राहतो. रक्तस्राव बंद झाल्यामुळे मात्र मन का बिघडलंय हे कळायची खूणही जाते.

त्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, एकदा जरी, तर वही भरायची वाट बघू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आणि लगेच डॉक्टर गाठा.

गुहागरची_काकू

मी 63 वर्षांची. डॉक्टरताईंनी सांगितलं ते आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आमच्याकडे कावळा शिवला की मागच्या पडवीत चार दिवस. वेगळी चटई, वेगळा तांब्या, जेवण वरून वाढायचं. पोरांनीही शिवायचं नाही. माझी धाकटी तेव्हा दीड वर्षाची, ती उंबऱ्यापाशी उभी राहून हात पुढे करायची. ते चित्र अजून जात नाही डोळ्यांपुढून.

आज एक सुचलं ते सांगते. मला जो त्रास व्हायचा तो पाळीच्या आधी. भांडं आपटणं, यांच्यावर उगाच जळफळणं, विहिरीवर जाऊन एकटीनं रडणं, सगळं आधी. पडवीत बसायची वेळ यायची तोवर माझं मन निवळलेलं असायचं. तेव्हा मला यांच्याशी बोलावंसं वाटायचं, आणि नेमकं तेव्हा बोलायची बंदी. आधीच्या आठवड्यात मला कुणी बाजूला बसवायला हवं होतं, तेव्हा मात्र भाताची पाच माणसांची मापं मीच मोजत होते. म्हणजे जिला विसावा हवा तिला कामाला जुंपलं आणि जिला माणसं हवी तिला पडवीत टाकलं. यांनी एकदा रात्री दाराआडून विचारलं होतं, "गार लागतंय का गो?" इतकंच. पस्तीस वर्षं झाली, यांना जाऊन पाच. मला ते विचारणं आठवतं.

बाळ, तुझे मिस्टर गजरा आणणारे आहेत. सांग त्यांना.

कृष्णाकाठ (अडीच महिन्यांनी)

सगळ्यांची ऋणी आहे. काकू, तुमचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री भांडी त्यांनी घासायला घेतली.

वही भरली, दोन पाळ्यांची. मला वाटायचं महिन्याचे आठ-दहा दिवस वाया जातात. पहिल्या वेळी 21 ते 27 असे सात दिवस निघाले, दुसऱ्या वेळी 24 ते 29 असे सहा. मधले दिवस खरंच स्वच्छ आहेत, मलाच आश्चर्य वाटलं. फक्त एकदा नवव्या दिवशी रागाला पाच आकडा आहे. त्या दिवशी नणंदेच्या वास्तुशांतीचा आहेर मला न विचारता ठरला होता. त्याचा पाळीशी काही संबंध नव्हता आणि ते मी दुसऱ्याच दिवशी सरळ बोलले.

मिस्टरांना सांगितलं. अकराव्या दिवशी, रविवारी, मुलगी क्लासला गेल्यावर वही पुढे ठेवली. त्यांनी सगळी पानं वाचली, बोटानं ओळ धरून, ते कंपनीतला ड्रॉइंग वाचतात तसं. मग म्हणाले, "मला वाटलं ओव्हरटाइम बंद झाला म्हणून तुझं मन उडालं." मी बघतच राहिले. दीड वर्षापूर्वी त्यांचा ओव्हरटाइम बंद झाला, हातात येणारे पैसे कमी झाले. मी पाठ करून झोपले की हे पलीकडे पडून पगाराचा हिशोब करत होते. मी प्रेम गेलं म्हणून रडत होते आणि ते स्वतःला कमी समजत होते, एकाच गादीवर. गजऱ्याच्या वेळी मी नेमकं पैशाचंच बोलले होते. वहीतल्या बाई, तुम्ही म्हणालात तसं ते मला आता टोचलं, भलत्याच बाजूनं.

तारखा मी त्यांना देत नाही. डबा हातात देताना मीच सांगते, "आजपासून." ते मान हलवतात. रात्री आले की मागच्या नळावर हात दोनदा धुतात, आपलं ताट आपण वाढून घेतात, आणि माझ्या शेजारी न येता कॉटच्या पायथ्याशी बसून दिवसभराचं सांगतात. परवा मधेच थांबून म्हणाले, "इथं बसलो तर चालतं ना?" चालत होतं. त्या दिवशी वहीत जवळीकपुढे मी शून्य लिहिलं नाही, दोन लिहिलं.

गणपतीत या वर्षी गोळ्या नाहीत. तारीख पुन्हा गौरींच्या आसपास येतेय. सासूबाई म्हणाल्या, मग पुरणाचं कोण बघणार? मिस्टर म्हणाले, डाळ मी शिजवतो, वाटून पण देतो, कशी ते सांगा. विषय अजून मिटलेला नाही. सासूबाई दोन दिवस घुम्या आहेत आणि मला त्यांचंही वाईट वाटतं, त्यांनी आयुष्यभर पाळलेलं आहे ते.

डॉक्टरताई, आमच्या इथल्या एका बाईंची मंगळवारची वेळ घेतली आहे. वही पिशवीत टाकून ठेवली. मिस्टरांची त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे, ते चार वाजता परस्पर तिथं येतो म्हणालेत.